गलांडा काळ्या मातीत पावसाळा काढत नाही, काय करावं?

कोरडवाहू :
राम राम मंडळी. प्रश्न शेतीचा हाये का बागेचा हे मलेच समजून नाही राह्यलं, म्हणून इथंच टाकतो, ॲडमिनले वाटलं तर हलवा.

आमच्या घरासमोर अन विहिरीकडं जायच्या वाटेनं आईनं गलांडा लावला, गिलार्डिया म्हणते तोच, लाल पाकळी, टोकाले पिवळी किनार, मधात तपकिरी गोंडा. रोपं देणाऱ्या नर्सरीवाल्यानं छातीठोक सांगतलं होतं का हे बारमाही झाड हाये, एकदा लावा अन विसरा. हिवाळ्यात बहरलं, उन्हाळ्यात तर इचारूच नका, मे महिन्यात मोगऱ्यानं पानं टाकली पण हे गडी फुलतच होतं. मग पाऊस लागला. ऑगस्ट येईपर्यंत एकेक झाड बसत गेलं. आधी बुडाची पानं काळी, मग अख्ख्या झाडानं माना टाकल्या, उपटाले गेलं तर झाड हातात अन मूळ जमिनीतच. बुडाशी साल चिमटीत धरली का ओल्या कागदावानी सुटून येते, आत नुसती पांढरी काडी.

बुरशीनाशकाची आळवणी केली, चुलीतली राख टाकली, फरक शून्य. जमीन काळी, भारी, पऱ्हाटीची, अन आई दरवर्षी शेणखताची टोपली टाकतेच टाकते. मले एवढंच पायजे का हे झाड खरंच बारमाही हाये का नर्सरीवाल्यानं टोपी घातली? अन बारमाही असन तर आमच्याकडंच काहून मरते? जागा दिग्रसजवळ.

पोह्यावर तर्री :
भाऊ ऑगस्टमधे आमच्या नागपुरात माणसं सडून राह्यली, तुम्ही झाडाचं काय घेऊन बसले. हाहा. माझ्या गॅलरीत पण आहे एक कुंडीत, सध्या तरी जिवंत आहे, म्हणून धागा वाचतो.

ठिबक :
कोरडवाहू भाऊ, आधी सांगा पाऊस उघडल्यावर त्या जागेवर पाणी किती वेळ उभं राहतं, अन सगळीच झाडं गेली का एखादं वाचलं? वाचलं असेल तर ते कुठं आहे? मेलेल्यापेक्षा वाचलेलं झाड जास्त सांगून जातं.

कोरडवाहू :
पाणी म्हणाल तर पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही चप्पल रुतते. अन वाचलं ना एक, तेच तर डोक्शात जाऊन नाही राह्यलं. फाटकाजवळ मुरमाचा ढीग पडला हाये, रस्त्यावर टाकाले आणला होता, उरला तसाच राह्यला. त्याच्यावर आपल्या आपण एक झाड उगवलं, ना कोणी पाणी दिलं ना खत, अन ते पठ्ठं भर पावसात फुलून राह्यलं. आई म्हणते नजर लागली ती लाडाच्या झाडायले.

ठिबक :
नजर नाही जी, पाणी लागलं. तुमचं उत्तर त्या ढिगावरच उभं आहे.

हे फूल मूळचं उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांचं. तिथं मोंटाना, डकोटा, वर कॅनडापर्यंत याची एक जात आहे, अ‍ॅरिस्टाटा, ती खरी बारमाही, जमिनीखाली मूळ टिकवून दरवर्षी परत फुटणारी. मोंटानाच्या पूर्वेकडं वर्षाचा पाऊस साधारण 300 ते 400 मिलिमीटर, हिवाळ्यात पारा उणे 30 पर्यंतही उतरतो, म्हणजे हे झाड थंडीनं मरत नाही अन तुम्ही पाहिलंच की 45 डिग्रीच्या उन्हानंही मरत नाही. मरतं ते पायाशी पाणी तुंबल्यानं. आपल्या यवतमाळात पाऊस 900 मिमीच्या आसपास अन त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, अन खाली काळी माती. काळ्या मातीतली चिकण, तिला स्मेक्टाइट म्हणतात, बेसाल्ट कुजून झालेली, ती पाणी पिऊन फुगते अन मातीतल्या हवेच्या सगळ्या वाटा बंद करते, उन्हाळ्यात ज्या भेगांत पाय जातो त्याच जमिनीत पावसाळ्यात मुळाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. मूळ गुदमरलं की कुजवणारी बुरशी आपोआप येते, म्हणून वरून आळवणी करून काही होत नाही, पाणी तिथंच आहे तोवर औषध वाया. उलट आळवणी म्हणजे आणखी पाणीच.

दुसरं, शेणखत बंद करा. या झाडाला खादाडपणाची सवय नाही. जास्त खताने पाला माजतो, देठ लुळे पडतात, फूल कमी अन झाड लवकर संपतं.

कोरडवाहू :
आईले हे कोण सांगन? खत बंद म्हटलं तर माहं जेवण बंद होईन.

बरं मग नर्सरीवाला खरं बोलला का खोटं?

ठिबक :
अर्धं खरं. दुसरी एक जात आहे, पुल्चेला, ती दक्षिणेकडची, टेक्सास ओक्लाहोमा मेक्सिकोकडची, ती बहुतेक करून एका हंगामाची, बी टाकते अन मरते. आपल्याकडं हाराला जो सुटा गलांडा विकतात तो मुख्यतः या पुल्चेलाचा. बागेसाठी जी रोपं विकतात ती बरेचदा या दोघींच्या संकराची असतात, त्याला ग्रँडिफ्लोरा म्हणतात. मोठं फूल अन भरपूर बहर एकीकडून, टिकाऊपणा दुसरीकडून, पण टिकाऊपणा पूर्ण उतरलेला नाही. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीतही हे झाड दोन-तीन वर्षांत थकतं, मग गड्डा उकरून बाहेरच्या कडेचे फुटवे वेगळे करून परत लावावे लागतात. "एकदा लावा अन विसरा" असं त्याच्या गावीही नसतं.

अंबानगरीचा :
नमस्कार, मूळ अमरावतीचा, सध्या मुक्काम डॅलसजवळ, धागा पाहून राहवलं नाही. इथं एप्रिल ते जूनमध्ये हायवेच्या दोन्ही बाजूला गलांडाच गलांडा असतो, लाल-पिवळा पट्टा मैलोन् मैल. रस्ते खातं स्वतः बिया पेरतं अन बी पिकून पडेपर्यंत तिथलं गवत कापत नाही. शेजारच्या ओक्लाहोमानं तर 1986 साली याला राज्याचं रानफूल करून टाकलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं हे तर आपल्या गणपतीच्या हारातलं फूल, इथं कोणी आणून टाकलं! मग कळलं की आणणारे आपण.

पण ठिबक, तुमच्या बोलण्यात एक गोष्ट मला खटकते. डॅलसच्या पट्ट्यातली जमीन काळीच आहे हो. ब्लॅकलँड प्रेअरीच म्हणतात याला. उन्हाळ्यात भेगा पडतात, घरांचे पाये हलतात, पावसात बुटाला दोन किलो चिखल, कापूसही व्हायचा इथं भरपूर. थेट आपली वऱ्हाडातली जमीन. अन पाऊसही 900-950 मिमी. मग इथं गलांडा का नाही सडत?

पांढरं सोनं :
हा प्रश्न लाखाचा! बोला आता ठिबक साहेब.

ठिबक :
प्रश्न खरंच चांगला आहे. तीन-चार गोष्टी आहेत पण मला मुख्य वाटते ती पावसाची वाटणी. तुमच्याकडं तो पाऊस बाराही महिन्यांत वाटून पडतो, मे महिन्यात थोडा जास्त एवढंच, आमच्यासारखी झडी लागून आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही असं होत नाही. दुसरं म्हणजे तुम्ही पाहता तो रस्त्याच्या भरावावर, उतारावर, पाणी वाहून जातं. अन तिसरं, तो पुल्चेला आहे, म्हणजे पावसाळी आजार यायच्या आधी आपला संसार आटपणारा. उन्हाळा सरल्यावर उगवतो, थंडीत जमिनीला चिकटून पानांचा चक्र करून बसतो, वसंतात फुलतो, उन्हाळ्यात बी टाकून मोकळा. त्याला बारमाही जगायचंच नाही.

अन यातच कोरडवाहू भाऊंचं उत्तर आहे असं मला वाटतं. भारी जमिनीत गलांडा रब्बीत धरा. सप्टेंबरच्या शेवटी रोप तयार ठेवा, पाऊस गेला की लावा, दिवाळीनंतर ते मे-जूनपर्यंत फुलं घ्या अन पहिल्या पावसाला बिनदिक्कत उपटून टाका. बी पडलेलं असतंच, पुढच्या सालाला तेच उगवेल.

फुलवाली मावशी :
ठिबक दादा बरोबर सांगून राह्यले पण एवढं अमेरिकेले जाऊन यायची काय गरज होती, आमाले इचारायचं. आमी सेलूकडं (वर्ध्याच्या) गलांडा करतो, झेंडूसंग. भारी वावरात खरिपाचा गलांडा कोणीच नाही लावत, लावला तर रडते. आमची वरची पट्टी बरड हाये, पांढरट मुरूम, तिथं जूनच्या रोपाचा लावतो तो दसरा-दिवाळीले येते, सरी-वरंब्यावर, वरंब्याच्या माथ्यावर नाही तर कुशीले लावाचा, माथ्यावर वाळते अन सरीत सडते. खालची काळी पट्टी हाये तिथं पाऊस गेल्यावर, तो मंग शेगावच्या प्रगटदिनापासून लग्नसराईपर्यंत चालते.

भाव म्हणाल तर गलांड्याले झेंडूसारखा भाव नाही पण खर्चही नाही. लग्नाच्या गाडीले, ट्रॅक्टरच्या पूजेले, पुढाऱ्याच्या हाराले वजन भराले हाच लागते. दसऱ्याले झेंडू महाग झाला का हारवाले सोताहून फोन करते, मावशी गलांडा हाये का. अन दसरा सरला का फोन उचलत नाही. झेंडूइतका टिकत नाही, दुपारच्या तोडणीचा संध्याकाळपर्यंत कोमेजते, म्हणून पहाटेच तोडाचा अन ओल्या गोणपाटात ठेवाचा. तीन-चार दिवसाआड तोडणी करावीच लागते, फूल झाडावर बोंड होऊ देलं का झाड समजते आपलं काम झालं, पुढं कळी देत नाही.

कोरडवाहू :
मावशी लय उपकार. एक सांगा, मी घरापुढच्या काळ्या मातीत खड्डे करून त्यात मुरूम भरला तर? ढीग तसाही पडलाच हाये.

ठिबक :
अजिबात नको. काळ्या मातीत खड्डा करून मुरूम भरला म्हणजे हौद बांधला. चारी बाजूचं पाणी त्या मोकळ्या मुरमात येऊन साचणार अन बाहेर जायला वाट नाही, झाड आधीपेक्षा लवकर मरेल. थोडी वाळू मिसळायचा सल्लाही कोणी देईल, तोही ऐकू नका, भारी मातीत टोपलंभर वाळूनं काही मोकळं होत नाही, घट्टच बसते. खाली जायचं नाही, वर जायचं. जमिनीवरच मुरूम-मातीचा वीतभर-दीड वीत उंच ओटा करा, कडेनं दगड लावा, त्यावर झाड. तुमच्या फाटकाच्या ढिगानं तेच केलं आहे.

वैनगंगा :
आमच्या भंडाऱ्याकडं तर ओटा करूनही भरोसा नाही, धानाचा पट्टा, चहूकडं बांध्यांत पाणी. कन्हारीत, म्हणजे भारी काळ्या मातीत, तर विसरूनच जायचं, मोरांडीत, म्हणजे मध्यम मातीतही मी लावून पाहिला, बसला. खरडीवर, म्हणजे हलक्या खडकाळ जमिनीवर, घराच्या मागं उतार आहे तिथं मात्र चांगला येतो. अन पावसाळ्याच्या आधी मी झाड वीतभर ठेवून छाटून टाकते, पाला कमी असला की पावसात आडवं पडत नाही अन बुडाशी हवा खेळते. पाऊस सरताना नवीन फुटवे येतात बुडातून.

माळावरचा मास्तर :
छान चर्चा चालू आहे. मी कारंजा लाडकडचा, शाळेत विज्ञान शिकवतो. एक गंमत सांगतो, गलांड्याचं एक फूल हातात घ्या. प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दात असतात, कात्रीनं कातरल्यासारखे, मुलांना मी तेच मोजायला लावतो. अन आपण ज्याला एक फूल म्हणतो ती अख्खी वसाहत आहे, मधल्या गोंड्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक फूल, बी धरणारं. बाहेरच्या रंगीत पाकळ्या म्हणजेही फुलंच, पण ती बहुधा वांझ, नुसती पाटी लावून कीटक बोलवायचं काम. सूर्यफूल, झेंडू, शेवंती सगळं हेच कूळ.

बारमाही जातीचा नमुना मेरिवेदर लुईस यानं 7 जुलै 1806 ला रॉकी पर्वताच्या कोरड्या टेकड्यांवर गोळा केला होता, लुईस आणि क्लार्कची अमेरिकेच्या पश्चिमेकडची शोधमोहीम परतत होती तेव्हा. म्हणजे त्या माणसानंसुद्धा तो कोरड्या टेकडीवरच पाहिला, नाल्यात नाही. कोरडवाहू भाऊंच्या मुरमाच्या ढिगाला इतका जुना आधार आहे.

आणखी एक. कोलोरॅडोत एक छोटा पतंग आहे, शिनिया मेसोनी, त्याचं डोकं अन छाती पिवळी अन पंख लालसर, गलांड्याच्या फुलावर असा बसतो की पिवळं पिवळ्यावर अन लाल लालवर. बोट लागेपर्यंत दिसत नाही म्हणतात. त्याची अळी याच फुलावर वाढते. अन गंमत म्हणजे तो आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा नातलग आहे, एकाच उपकुळातला.

पोह्यावर तर्री :
घाटेअळी अमेरिकेत गेली अन मॉडेल झाली म्हणायची. आमच्याच नशिबी काळीकुट्ट.

हिरवंगार :
मला एक आयडिया आली. आमच्या गावाबाहेर मोठा माळ पडीक आहे, नुसतं गवत, कोणाच्या कामाचा नाही, मुरमाड जमीन. तिथं पोतंभर गलांड्याचं बी फेकलं तर? पुढच्या वर्षी टेक्सास! लोक सेल्फी काढायला येतील, गावाचं नाव होईल. ग्रामपंचायतीत बोलू का?

माळावरचा मास्तर :
नका हो. हात जोडतो.

पहिली गोष्ट, माळ पडीक नाही. "नुसतं गवत" म्हणजे काय ते एकदा ऑक्टोबरात जाऊन बघा. मारवेल, पवन्या, कुसळी, प्रत्येकाचा रंग वेगळा, चव वेगळी, अन तुमच्या गावातल्या बकऱ्या-गाई त्यावरच जगतात, त्यांना विचारा कोणाच्या कामाचा आहे. आमच्याकडं कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, ते असल्याच "नुसत्या गवतावर" उभं आहे. अकोला-वाशीमच्या माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो, देशातल्या सगळ्यात दुर्मिळ पक्ष्यांपैकी एक, अन तो उंच गवतातून उड्या मारून दाखवतो. फासेपारधी समाजाच्या लोकांनी काही ठिकाणी हे कुरण राखायला घेतलं आहे, चराई बंद ठेवून, वणवा लागू न देता. त्यात आपण परदेशी फूल कशाला घुसवायचं?

अंबानगरीचा :
मास्तर, तत्त्व मान्य, पण गलांडा काही गाजर गवत नाही. आपल्याकडं कितीतरी वर्षांपासून बागेत अन शेतात आहे, कुठं माजला? एवढं घाबरण्यासारखं काही नाही.

माळावरचा मास्तर :
गाजर गवतही याच कुळातलं अन तेही अमेरिकेतूनच आलं. पुण्यात 1950 च्या दशकात कोणाच्यातरी लक्षात आलं तेव्हा तेही एका कोपऱ्यातलं पांढरं फूलच होतं. गलांडा तसाच होईल असं मी म्हणत नाही, बहुधा नाहीच होणार, आपला पावसाळा त्याला मारतो हे वर झालंच. पण मुरमाड माळावर पावसाळा मारत नाही, हेही वरच झालं. आंगणात लावा, वावरात लावा, विका, माझी काही हरकत नाही. पोत्यानं माळावर फेकणं वेगळं.

अन टेक्सासवाल्यांनी त्यांच्या रस्त्याला त्यांचंच रानफूल पेरलं ना? मग आपण आपलं पेरावं. कुर्डू आहे, तेरडा आहे, धुऱ्यावर कळलावी आहे. कुर्डूची गुलाबी तुरे आलेली पट्टी संध्याकाळी पाहिली का कधी? त्याची कोवळी भाजीही होते.

पांढरं सोनं :
कुर्डू पेरा म्हणते मास्तर! आमी सोयाबीनमधला कुर्डू निंदता निंदता कंबर मोडून घेतो अन हे पेरा म्हणते. निंदाईची मजुरी कोण देईन?

माळावरचा मास्तर :
माळावर म्हटलं भाऊ, सोयाबीनमध्ये नाही.

पांढरं सोनं :
बी उडून वावरातच येते ना शेवटी. तुमाले शाळेतून पगार भेटते म्हणून हे सुचते.

हिरवंगार :
भांडू नका, मी ग्रामपंचायतीत बोलत नाही. शाळेच्या कंपाउंडला लावू गलांडा, ओटा करून, मुरमाचा. तिथं तर चालेल?

माळावरचा मास्तर :
तिथं बिनधास्त. मुलांना पाकळीचे दात मोजायला पण होतील.

फुलवाली मावशी :
शाळेत लावत असान तर एक ध्यानात ठेवा, लेकरायच्या हाताले खाज सुटू शकते. सगळ्यायले नाही, पण आमच्या तोडणीच्या बायांमधी एकीच्या मनगटावर दरवर्षी पुरळ येते, तिले आता झेंडूच देतो तोडाले.

ठिबक :
बरोबर. या कुळातल्या बऱ्याच झाडांत सेस्क्विटर्पिन लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, गलांड्यातही अन गाजर गवतातही. ज्यांना गाजर गवताची ॲलर्जी आहे त्यांनी फुलबाह्याचा शर्ट अन हातमोजे घालूनच हात लावावा. बाकी लोकांना सहसा काही होत नाही.

वैनगंगा :
माझा एक प्रश्न राहिला. उतारावरच्या झाडांपैकी एकाला यंदा फुलं हिरवीच येत आहेत. म्हणजे पाकळी लाल व्हायचंच नाव नाही, हिरवी, आखूड, वेडीवाकडी अन फुटवे काड्यांसारखे बारीक भरमसाठ. खत कमी पडलं का?

ठिबक :
खताचा संबंध नाही. वर्णनावरून हा फायटोप्लाझ्माचा, म्हणजे झाडाच्या रसात राहणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूचा रोग दिसतो, तुडतुडे एका झाडाचा रस शोषून दुसऱ्याला लावतात. कपाशीवरचाच तुडतुडा असेल असं नाही, त्यांच्या जाती खूप आहेत. यावर औषध नाही. ते झाड आजच मुळासकट उपटा अन जाळा किंवा खोल पुरा, उकिरड्यावर फेकू नका. जवळच्या शेवंतीवर लक्ष ठेवा, तिलाही होऊ शकतो. अन त्या झाडाचं बी तर धरूच नका.

वैनगंगा :
अरे बापरे. मी तर वेगळी जात निघाली म्हणून त्याचेच फुटवे काढून दोन मैत्रिणींना देणार होते. उपटते आत्ताच.

कोरडवाहू :
वाह, माह्या एका प्रश्नावर केवढं निघालं. आईले वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या टेकडीपर्यंत ऐकलं चुपचाप, खताचं आलं तिथं म्हणे त्या ठिबकले म्हणा तुह्या मायले सांग. शेवटी तडजोड अशी झाली का फाटकाजवळ ढिगाचाच ओटा करायचा, तिथं खत बंद, अन शेणखत सगळं मोगऱ्याले. घरापुढच्या काळ्या पट्टीत पाऊस गेल्यावर रोपं. आता बियाचं सांगा मावशी, ढिगावरच्या झाडाचंच बी धरतो, कधी तोडायचं अन कसं टाकायचं?

फुलवाली मावशी :
पाकळ्या झडल्या का मागं गोल बोंड राह्यते, आधी तांबूस, मंग राखाडी होते अन कुसळं उभी राह्यते. अंगठ्यानं चोळून पाहा, भुसभुशीत सुटलं तर तयार, घट्ट लागलं तर राहू द्या. पावसाच्या उघडीपीत दुपारी तोडा, दवातलं नाही. सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत ठेवा, प्लॅस्टिकच्या थैलीत घाम सुटते अन बुरशी धरते. पेरतानी माती जास्त लोटू नका, बी उजेडात लवकर निघते, वरून नुसती राख नाही तर बारीक माती भुरभुरायची, अन पाणी झारीनं. आठ-पंधरा दिवसांत निघते. महिन्या-सव्वा महिन्यानं रोप चार-पाच पानांचं झालं का उचला.

अन एक, ढिगावरच्या झाडाचं बी सगळं सारखं नाही निघणार. कोणी पूर्ण लाल, कोणी पूर्ण पिवळं, कोणी दुरंगी. विकाचं असन तर दुरंगीचं बी वेगळं धरा, घरासाठी असन तर जे येईन ते येईन.

अंबानगरीचा :
एकसारखं पाहिजे असेल तर निवडक वाण मिळतात, अ‍ॅरिझोना सन नावाचा बुटका वाण 2005 मध्ये इथल्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा (नवीन वाण लावून पारखणारी संस्था) विजेता होता, लाल-पिवळा, एकसारखा. पण तुमच्या ढिगावरच्या झाडानं दिग्रसचा पावसाळा काढला आहे, त्याचं बी मी तरी सोडलं नसतं.

पोह्यावर तर्री :
सगळ्यांचं झालं असेल तर माझ्या कुंडीचं बघा कोणी. इतके दिवस बरी होती, हा धागा सुरू झाला अन खालची दोन पानं काळी पडली. नजर लावली का तुम्ही लोकांनी?

ठिबक :
कुंडीखाली थाळी आहे का?

पोह्यावर तर्री :
आहे ना. फरशी खराब होते म्हणून.

ठिबक :
थाळीत पाणी साचलं असेल. काढ ती, कुंडी दोन विटांवर ठेव, खालचं भोक मातीनं बुजलं का तेही काडी घालून बघ. काळी पानं खुडून टाक अन वरची माती बोटभर खोल कोरडी होईपर्यंत पाणी देऊ नको.

पोह्यावर तर्री :
भोक बुजलं होतं खरंच, काडी घातली तर पाणी चुळचुळ निघालं. पण थाळी काढता येणार नाही, त्यात चिमण्या पाणी पितात अन बायकोचा त्यावर जीव आहे.

ठिबक :
मग चिमण्यांना वेगळं भांडं ठेव ना बे.